कोशिका-आसंजन रेणू

प्राण्यांच्या शरीरातील कोशिका (शरीराचे सर्वांत लहान रचनात्मक व कार्यात्मक एकक) ज्या प्रथिनांच्या साहाय्याने एकमेकींना किंवा भोवतालच्या आधारद्रव्याला चिकटून राहतात, त्या प्रथिनांना कोशिका-आसंजन रेणू म्हणतात. आसंजन म्हणजे चिकटून राहणे. ही प्रथिने बहुधा कोशिकेच्या बाह्य पटलात आरपार बसविलेली असतात. त्यांचा बाहेरील भाग शेजारच्या कोशिकेला पकडतो व आतील भाग कोशिकेच्या अंतर्गत सांगाड्याशी जोडलेला असतो. त्यामुळे ती केवळ दोन कोशिकांना जोडणारा चिकट लेप ठरत नाहीत. शेजारी कोण आहे, ही माहितीही ती कोशिकेच्या आत पोहोचवितात. भ्रूणातील अवयवांची घडण, मेंदूतील जोडण्या, जखम भरून येणे, रक्तातील श्वेत कोशिकांचे रोगस्थानी जाणे इ. क्रियांत त्यांचा वाटा मोठा आहे. त्यांच्या कार्यात बिघाड झाल्यास मेंदूचे अनेक विकार उद्‌भवतात, तसेच कर्करोग मूळ स्थान सोडून पसरू लागतो. कर्करोगाच्या कोशिका मूळ जागी धरलेल्या असतानाच शोधून काढल्यास किती मृत्यू टळू शकतात, याचा एक महत्त्वाचा पुरावा महाराष्ट्रातील धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यात मिळाला. त्याची माहिती पुढे दिली आहे.

इतिहास : अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ एच. व्ही. विल्सन यांनी १९०७ साली जिवंत स्पंज बारीक कापडातून पिळून त्याच्या कोशिका सुट्या केल्या. पाण्यात ठेवल्यावर या कोशिका पुन्हा एकत्र येऊन त्यांच्यापासून नवा स्पंज तयार झाला. १९५५ साली पी. एल. टाउन्स व योहानेस होल्टफ्रेटर यांनी उभयचर प्राण्यांच्या भ्रूणातील निरनिराळ्या स्तरांच्या कोशिका सुट्या करून एकत्र मिसळल्या. काही काळाने त्या आपोआप वेगवेगळ्या होऊन आपापल्या जातीच्या कोशिकांना चिकटल्या व त्वचेच्या कोशिका बाहेर, तर तंत्रिका तंत्राच्या (मज्जासंस्थेच्या) कोशिका आत, अशी त्यांची मूळच्यासारखी मांडणी झाली. कोशिकांच्या पृष्ठभागावर एकमेकींना ओळखण्याची काहीतरी सोय असली पाहिजे, असे या प्रयोगांवरून दिसून आले.

कर्करोगाशी या गुणधर्माचा संबंध त्याआधीच लक्षात आला होता. १९४४ साली डी. आर. कोमन यांनी सूक्ष्म सुयांच्या साहाय्याने कोशिकांच्या जोड्या ओढून अलग केल्या. पट्टकी उपकलेच्या (चपट्या कोशिकांच्या अस्तराच्या) कर्करोगातील कोशिका निरोगी कोशिकांच्या मानाने फारच कमी ओढीने सुटतात, असे त्यांना आढळले. मुखाचे व गर्भाशय ग्रीवेचे (गर्भाशयाच्या खालच्या निमुळत्या टोकाचे) बहुतेक कर्करोग याच प्रकारचे असतात.

प्रत्यक्ष रेणूंचा शोध लागण्यास आणखी तीस वर्षे लागली. प्रतिपिंडांच्या संरचनेवरील कार्याबद्दल १९७२ सालच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी असलेले जी. एम. एडेलमन यांनी सहकाऱ्यांसह कोंबडीच्या भ्रूणातील तंत्रिका कोशिकांवर प्रयोग केले. आसंजन रोखणारे प्रतिपिंड वापरून त्यांनी १९७७ च्या सुमारास ‘एन-कॅम’ हे प्रथिन वेगळे केले. त्याच वर्षी जपानमधील क्योटो येथे मासातोशी ताकेइची यांनी कॅल्शियम असेल तरच कार्य करणारी आसंजनाची एक निराळी यंत्रणा दाखवून दिली. तिच्यातील प्रथिनांना पुढे १९८४ साली ‘कॅढेरीन’ हे नाव मिळाले. कोशिकेला आधारद्रव्याशी जोडणाऱ्या प्रथिनांना १९८६ साली रिचर्ड हाइन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘इंटेग्रीन’ हे नाव दिले. इंटेग्रिनांवरील संशोधनाबद्दल हाइन्स, एर्की रुओस्लाह्‌टी व टिमथी स्प्रिंगर यांना २०२२ साली लास्कर पारितोषिक देण्यात आले.

प्रकार : या रेणूंचे चार प्रमुख गट मानतात. (१) कॅढेरिने : ही बहुधा आपल्याच जातीच्या रेणूला पकडतात. त्यांच्या बाहेरील भागाच्या खंडांमध्ये कॅल्शियमाचे आयन बसले म्हणजे रेणू ताठ राहतो व पकड घट्ट होते. कॅल्शियम काढून घेतल्यास पकड सुटते. उपकलेतील ई-कॅढेरीन व तंत्रिका ऊतकातील एन-कॅढेरीन ही त्यांची परिचित उदाहरणे होत. (२) इम्युनोग्लोब्युलीन कुल : प्रतिपिंडांच्या घडीशी साम्य असलेल्या या कुलात एन-कॅम, एल-१ व कॅड्म-१ ही प्रथिने येतात. त्यांना कॅल्शियमाची गरज नसते. (३) इंटेग्रिने : प्रत्येक इंटेग्रीन आल्फा व बीटा अशा दोन साखळ्यांचे असते. मानवात १८ आल्फा व ८ बीटा साखळ्या असून त्यांच्यापासून २४ प्रकारच्या जोड्या बनतात. (४) सिलेक्टिने : रक्तवाहिनीतून वाहणाऱ्या श्वेत कोशिकेला वाहिनीच्या भिंतीशी तात्पुरते अडकविणे हे यांचे कार्य आहे. यांखेरीज मेंदूतील न्यूरेक्झिने व न्यूरोलिजिने यांचा गट महत्त्वाचा आहे. तंत्रिका कोशिकांच्या जोडणीत दोन बाजूंनी ती एकमेकांना पकडतात.

कार्यपद्धती : एका रेणूची पकड अत्यंत दुबळी असते. मात्र शेकडो रेणू एका ठिकाणी गोळा झाले म्हणजे कापडी चिकटपट्टीवरील असंख्य आकड्यांप्रमाणे एकूण जोड बळकट होतो. ई-कॅढेरिनाचे आतील टोक कॅटेनीन नावाच्या प्रथिनांच्या द्वारे ॲक्टिनाच्या तंतूंना बांधलेले असते. उपकलेतील कोशिकांना ताण सहन करता येतो, तो डेस्मोसोम या निराळ्या प्रकारच्या जोडांमुळे. त्यांत कॅढेरीन कुलातीलच प्रथिने केराटिनाच्या तंतूंना बांधलेली असतात.

बांधणे जितके आवश्यक, तितकेच सोडणेही आवश्यक असते. भ्रूणात स्थलांतर करणारी कोशिका पुढच्या बाजूस नवी पकड घेते व मागची सोडते. जखमेच्या कडेवरील कोशिकाही असेच करतात. रेणूंची निर्मिती थांबविणे, त्यांना कोशिकेच्या आत ओढून घेणे, एंझाइमाने त्यांचे बाहेरील टोक कापून टाकणे किंवा त्यांवर विशिष्ट शर्करांची साखळी चढविणे, असे सोडण्याचे अनेक मार्ग आहेत. यावरून आरोग्य म्हणजे नुसते अधिक आसंजन नव्हे, हे स्पष्ट होते. योग्य जागी व योग्य वेळी धरणे आणि सोडणे, यांतील मेळ बिघडला म्हणजे रोग संभवतो. मेंदूचे विकार व कर्करोग यांसारखे वरवर असंबद्ध वाटणारे रोग याच एका सूत्राने जोडले जातात.

मेंदूची घडण व विकार : मानवी मेंदूत सुमारे ८,६०० कोटी तंत्रिका कोशिका असतात. भ्रूणावस्थेत त्या जन्मस्थानापासून स्थलांतर करून ठराविक थरांत जातात, अक्षतंतू (संदेश वाहून नेणारे लांब धागे) दूरवर पाठवितात व योग्य कोशिकांशी अनुबंधने जुळवितात. अनुबंधन म्हणजे दोन तंत्रिका कोशिकांमधील संदेशवहनाचा सांधा. प्रत्येक अक्षतंतू रासायनिक खुणांवरून आपले लक्ष्य ओळखतो, असे मत आर. डब्ल्यू. स्पेरी यांनी १९६३ साली मांडले. या खुणांमध्ये आसंजन रेणूंचे स्थान मोठे असल्याचे पुढे आढळून आले.

एल-१ या प्रथिनाच्या साहाय्याने अक्षतंतू एकमेकांना धरून पुढे सरकतात. त्याचा जीन (आनुवंशिक गुणांचे एकक) एक्स गुणसूत्रावर आहे. या जिनात उत्परिवर्तन (आकस्मिक बदल) झाल्यास मुलग्यांमध्ये जन्मजात जलशीर्ष हा विकार होतो, असे १९९२ साली सिद्ध झाले. त्यात मेंदूतील द्रव साचून पोकळ्या फुगतात, डोके मोठे होते, हाताचे अंगठे तळव्याकडे वळलेले राहतात व बुद्धीची वाढ खुंटते. दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक निर्दोष असल्यामुळे माता बहुधा निरोगी असते. परंतु तिच्या प्रत्येक मुलग्याला हा विकार होण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून अशा कुटुंबांना आनुवंशिकीय सल्ल्याचा उपयोग होतो.

अपस्माराच्या (फेफऱ्याच्या) एका प्रकारात याच्या उलट स्थिती आढळते. प्रोटोकॅढेरीन-१९ या प्रथिनाचा जीनही एक्स गुणसूत्रावर आहे. मात्र त्यातील दोषामुळे मुलींना लहानपणीच झटके येऊ लागतात व तोच दोष असलेले पुरुष बहुधा झटक्यांपासून मुक्त राहतात, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. मुलीच्या प्रत्येक कोशिकेत दोनपैकी एकच एक्स गुणसूत्र कार्यरत असते. त्यामुळे तिच्या मेंदूत हे प्रथिन असलेल्या व नसलेल्या अशा दोन प्रकारच्या कोशिका तयार होतात आणि होल्टफ्रेटर यांच्या प्रयोगातल्याप्रमाणे त्या वेगवेगळे गट करू लागतात. उंदरांवरील प्रयोगांनी या स्पष्टीकरणास पुष्टी दिली आहे. पुरुषांत सर्वच कोशिका एकसारख्या असल्यामुळे अशी फाटाफूट होत नाही.

स्वमग्नता या विकारात मुलास इतरांशी संवाद साधणे व नाते जोडणे कठीण जाते. २००३ साली स्वीडनमधील दोन कुटुंबांत स्वमग्न मुलांच्या न्यूरोलिजीन-३ व न्यूरोलिजीन-४ यांच्या जिनांत उत्परिवर्तने आढळली. न्यूरेक्झीन-१ च्या जिनाचा काही भाग गळाल्याचे काही स्वमग्न व छिन्नमानस रुग्णांतही दिसून आले आहे. असे स्पष्ट दोष थोड्याच रुग्णांत सापडतात. बहुसंख्य रुग्णांत अनेक जिनांचा लहान लहान वाटा असतो. मातापित्यांच्या वागणुकीमुळे स्वमग्नता येते, हा जुना समज मात्र या संशोधनाने निराधार ठरविला. दोष आढळतो तो पालकांच्या मायेत नसून अनुबंधनाच्या बांधणीत असतो.

मल्टिपल स्क्लेरोसिस या रोगात रक्तातील श्वेत कोशिका मेंदूत शिरून तंत्रिका तंतूंवरील आवरणाचा नाश करतात. रक्तवाहिनीच्या भिंतीला पकडण्यासाठी त्या आल्फा-४ साखळी असलेले इंटेग्रीन वापरतात, असे १९९२ साली प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आले. ही पकड रोखणारा नॅटॅलिझुमॅब हा प्रतिपिंड २००४ साली अमेरिकेत औषध म्हणून मान्य झाला. मात्र काही रुग्णांच्या मेंदूत सुप्त व्हायरसाचा घातक संसर्ग उद्‌भवल्यामुळे २००५ साली त्याची विक्री थांबविण्यात आली. २००६ साली कडक देखरेखीच्या अटीवर ते पुन्हा उपलब्ध झाले. रोगकारक श्वेत कोशिकांना अडविताना मेंदूची राखण करणाऱ्या श्वेत कोशिकाही अडविल्या जातात, हा धडा त्यातून मिळाला.

कर्करोग : उपकलेत उत्पन्न झालेला कर्करोग प्रथम आधारपटलाच्या (उपकलेखालील पातळ आवरणाच्या) वरच मर्यादित असतो. या अवस्थेत त्याच्या कोशिकांना रक्तवाहिन्या व लसीका वाहिन्या गाठता येत नाहीत. पुढे काही कोशिका शेजारणींपासून सुटतात, आधारपटल भेदतात व रक्तावाटे दूरच्या अवयवात जाऊन रुजतात. याला प्रक्षेप म्हणतात. घन अर्बुदांच्या (गाठींच्या) रुग्णांचे बहुसंख्य मृत्यू मूळ गाठीमुळे न होता प्रक्षेपामुळे होतात. म्हणून कोशिका केव्हा व कशी सुटते, हा रुग्णाच्या दृष्टीने जीवनमरणाचा प्रश्न आहे.

ई-कॅढेरिनाचा अभाव कर्करोगाचे मूळ कारण असू शकतो, याचा निर्णायक पुरावा १९९८ साली न्यूझीलंडमधील माओरी कुटुंबांत मिळाला. त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या तरुण वयात जठराचा कर्करोग होत असे. त्याचे कारण ई-कॅढेरिनाच्या जिनातील आनुवंशिक उत्परिवर्तन असल्याचे सिद्ध झाले. हा दोष आढळलेल्या व्यक्तीस कर्करोग होण्यापूर्वीच जठर काढून टाकण्याचा सल्ला देता येतो. स्तनाच्या खंडिकीय प्रकारच्या कर्करोगातही ई-कॅढेरीन बहुधा नाहीसे झालेले असते व त्यामुळे त्याच्या कोशिका एकामागे एक अशा ओळीने ऊतकात पसरलेल्या दिसतात. स्तनाच्या कर्करोगाचा हा प्रकार ओळखण्यासाठी विकृतिवैज्ञानिक ई-कॅढेरिनाचे रंजन करतात.

महाराष्ट्रात या विषयाचे संशोधन टाटा मेमोरियल केंद्राच्या नवी मुंबईतील खारघर येथील ‘ॲक्ट्रेक’ या संस्थेत झाले आहे. मुंबईत १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचा वारसा या संस्थेकडे आला आहे. डेस्मोसोममधील प्लॅकोफिलीन-३ या प्रथिनाचे प्रमाण मानवी बृहदांत्राच्या कर्करोगाच्या कोशिकांत कमी केल्यास त्यांचे आसंजन घटते, त्या अधिक हालचाल करतात आणि उंदरांत त्यांचे प्रक्षेप आढळतात, असे या संस्थेतील संशोधकांनी २००८ साली दाखविले. मुखाच्या कर्करोगाच्या कोशिकांत केराटीन व आल्फा-६ बीटा-४ इंटेग्रीन यांचा परस्परसंबंध असल्याचे तेथील २०११ सालच्या संशोधनात दिसून आले. तंबाखू व सुपारी चघळण्याच्या सवयीमुळे भारतात मुखाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे असल्यामुळे या संशोधनास विशेष महत्त्व आहे.

आसंजन नाहीसे झाले की प्रक्षेप होतो, असा सरळ नियम मात्र सांगता येत नाही. स्तनाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारच्या कर्करोगात प्रक्षेपांतील कोशिकांवरही ई-कॅढेरीन असते. ते काढून टाकल्यास कोशिका अधिक प्रमाणात सुटतात, पण प्रवासात मरतात व दूरच्या अवयवात रुजत नाहीत, असे २०१९ साली उंदरांवरील प्रयोगांत आढळले. रक्तात एकेकट्याने फिरणाऱ्या कोशिकांपेक्षा एकमेकींना धरून पुंजक्याने फिरणाऱ्या कोशिका प्रक्षेप निर्माण करण्यास अधिक समर्थ असतात, असेही दिसून आले आहे. कर्करोगाची कोशिका आसंजनाचा त्याग करते, असे म्हणण्यापेक्षा ती आपल्या सोयीने धरते व सोडते, असे म्हणणे योग्य ठरेल.

मेंदू व कर्करोग यांतील समान रेणू : एकच रेणू दोन्ही प्रकारच्या रोगांत आढळतो, याची तीन उदाहरणे उल्लेखनीय आहेत. अक्षतंतूंना वाट दाखविणारे एल-१ प्रथिन काही कर्करोगांच्या कोशिका पुन्हा तयार करू लागतात. स्तनाच्या व फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कोशिका मेंदूत पोहोचल्यावर याच प्रथिनाच्या आधारे केशवाहिन्यांना बिलगून वाढतात, असे २०१४ साली दाखविण्यात आले.

दुसरे उदाहरण न्यूरोलिजीन-३ या प्रथिनाचे आहे. तंत्रिका कोशिका कार्यरत असताना त्याचा एक तुकडा सुटा होतो व मेंदूतील ग्लायोमा (तंत्रिका कोशिकांना आधार देणाऱ्या कोशिकांचे अर्बुद) या अर्बुदाच्या वाढीस तो चालना देतो, असे २०१५ साली आढळले. ज्या उंदरांच्या मेंदूत हे प्रथिन नाही, त्यांच्यात रोपण केलेली ग्लायोमाची अर्बुदे नीट वाढू शकत नाहीत, असे २०१७ साली दिसून आले. मेंदूतील सांधे जुळविणारा रेणू अशा रीतीने अर्बुदाचे खाद्य बनतो.

तिसरे उदाहरण कॅड्म-१ या प्रथिनाचे होय. फुप्फुसाच्या कर्करोगात निकामी झालेला, अर्बुदास आळा घालणारा जीन म्हणून तो २००१ साली ओळखला गेला. हेच प्रथिन मेंदूत अनुबंधने घडविते, असे २००२ साली स्वतंत्रपणे सिद्ध झाले आणि २००८ साली काही स्वमग्न रुग्णांत त्याच्या जिनाची उत्परिवर्तने आढळली. गर्भाशय ग्रीवेच्या पट्टकी कर्करोगांपैकी निम्म्याहून अधिक कर्करोगांत हा जीन मिथिलीकरणाने (जिनाच्या आरंभस्थानी मिथिल गट बसून तो बंद पडण्याच्या क्रियेने) मुका झालेला असतो, असे २००४ साली नेदर्लंड्समधील संशोधकांनी दाखविले. कर्करोगपूर्व बदलांतही काही प्रमाणात तसेच आढळले. त्यामुळे ग्रीवेतील कोणते बदल पुढे घातक ठरतील, हे ओळखण्यासाठी या जिनाच्या मिथिलीकरणाच्या चाचण्या विकसित करण्यात आल्या आहेत.

गर्भाशय ग्रीवेचा कर्करोग व धाराशिव जिल्ह्यातील पाहणी : या कर्करोगाचे कारण मानवी पॅपिलोमा व्हायरसाच्या काही प्रकारांचा दीर्घकालीन संसर्ग हे होय. त्यांपैकी सोळाव्या क्रमांकाचा प्रकार हाराल्ट त्सुर हाउसेन यांच्या गटाने १९८३ साली वेगळा केला. या कार्याबद्दल त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. व्हायरसाची ‘ई-६’ व ‘ई-७’ ही प्रथिने कोशिकेच्या वाढीवरील नियंत्रणे मोडतात. ई-६ प्रथिन कोशिकांचे जोड व त्यांची वर-खाली अशी दिशा राखणाऱ्या काही प्रथिनांचाही नाश घडवून आणते. तरीही संसर्गापासून आधारपटल भेदले जाईपर्यंत बहुधा अनेक वर्षे जातात. या काळात बिघडलेल्या कोशिका जागेवरच धरलेल्या असतात व लहानशा उपचाराने त्या काढून टाकता येतात. वेदना किंवा रक्तस्राव होत नसल्यामुळे स्त्रीला मात्र त्यांची जाणीव नसते.

बार्शी (जि. सोलापूर) येथे १९८७ साली ग्रामीण लोकसंख्येवर आधारित अशी भारतातील पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्या क्षेत्रात बार्शीबरोबर धाराशिव जिल्ह्यातील भूम व परांडा हे तालुके येतात. या भागातील स्त्रियांत ग्रीवेचा कर्करोग सर्वांत अधिक असल्याचे नोंदणीच्या आरंभीच्या वर्षांत दिसून आले. गावोगाव माहिती दिल्यानंतर रुग्ण स्त्रिया रोगाच्या आधीच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या. या अनुभवाच्या पायावर बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा मेमोरियल केंद्र आणि फ्रान्समधील लीआँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मोठी पाहणी सुरू केली.

पाहणीसाठी गावांचे ५२ समूह करून ते यदृच्छया चार गटांत विभागण्यात आले. ३० ते ५९ वर्षे वयाच्या एकूण १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा त्यांत समावेश होता. पहिल्या गटासाठी (३४,१२६ स्त्रिया) व्हायरसाची चाचणी, दुसऱ्यासाठी (३२,०५८) कोशिका परीक्षा आणि तिसऱ्यासाठी (३४,०७४) ॲसिटिक अम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी केलेली तपासणी, अशी प्रत्येकी एकच फेरी योजण्यात आली. चौथ्या, म्हणजे नियंत्रण गटातील ३१,४८८ स्त्रियांना नेहमीच्याच आरोग्यसेवा उपलब्ध होत्या.

पाहणीचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. व्हायरस-चाचणीच्या गटात ग्रीवेच्या कर्करोगाचे १२७ व नियंत्रण गटात ११८ रुग्ण आढळले, म्हणजे रुग्णांच्या संख्येत फारसा फरक नव्हता. तथापि दुसऱ्या किंवा त्यापुढील अवस्थेतील, म्हणजे ग्रीवेबाहेर पसरलेल्या कर्करोगाचे रुग्ण पहिल्या गटात ३९, तर नियंत्रण गटात ८२ होते. या कर्करोगाने झालेले मृत्यू अनुक्रमे ३४ व ६४ होते. एकाच फेरीतील चाचणीने मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. उरलेल्या दोन पद्धतींनी लक्षणीय घट झाल्याचे या पाहणीत दिसले नाही. मात्र मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील पाहणीत प्राथमिक आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केलेल्या ॲसिटिक अम्ल तपासणीने मृत्यूंत ३१ टक्के घट झाल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झाले. नियंत्रण गटातील स्त्रियांना तपासणी न देण्यावर पुढे नैतिक दृष्टीने टीका झाली. तपासणीची सोय एरव्हीही उपलब्ध नव्हती, असे संशोधकांच्या बाजूने सांगण्यात आले. हा वाद लक्षात घेऊनच या आकड्यांचे मोल समजले पाहिजे, कारण ते याच स्त्रियांच्या सहभागातून मिळाले आहेत.

या निष्कर्षांचा अर्थ ग्रामीण भागात विशेष जाणवतो. धाराशिव जिल्ह्याच्या पश्चिम कडेवरील परांड्याला बार्शी जवळ आहे, परंतु तेरणा नदीवरील धरणामुळे परिचित असलेले पूर्वेकडील माकणी (ता. लोहारा) यासारख्या गावांहून कर्करोग रुग्णालय दूर पडते. आधारपटल भेदले जाण्यापूर्वीचा बदल एखाद्या साध्या दवाखान्यातही अल्प काळात काढता येतो. तोच कर्करोग बाहेर पसरल्यावर किरणोपचारासाठी आठवडेच्या आठवडे शहरात राहावे लागते, कामाचे दिवस बुडतात, घर विस्कळित होते आणि बरे होण्याची शक्यता घटते. चाचणीची सोय गावापर्यंत नेण्याचे महत्त्व त्यामुळे रुग्णालयाइतकेच आहे.

प्रतिबंध व उपचार : जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली स्वीकारलेल्या धोरणानुसार २०३० पर्यंत ९० टक्के मुलींचे १५ वर्षे वयापूर्वी लसीकरण, ७० टक्के स्त्रियांची ३५ व ४५ वर्षे वयात विश्वसनीय चाचणी आणि बाधित स्त्रियांपैकी ९० टक्के स्त्रियांवर उपचार, अशी उद्दिष्टे आहेत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया या संस्थेने तयार केलेल्या लसीला भारतात २०२२ साली मान्यता मिळाली. लसीने नवा संसर्ग टळतो, पण आधीच झालेले बदल बरे होत नाहीत. म्हणून प्रौढ स्त्रियांना चाचणी आवश्यकच असते.

आसंजन रेणूंवर थेट परिणाम करणाऱ्या कर्करोगविरोधी औषधांना अद्याप मर्यादितच यश मिळाले आहे. इंटेग्रिनांची पकड रोखणारे सिलेन्जिटाइड हे द्रव्य मेंदूच्या घातक ग्लायोमावर उपयुक्त ठरेल, अशी अपेक्षा होती. तथापि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत नेहमीच्या उपचाराला त्याची जोड दिल्याने रुग्णांचे आयुर्मान वाढले नाही. न्यूरोलिजीन-३ कापून सुटे करणाऱ्या एंझाइमाला रोखण्याचे प्रयोग चालू आहेत. जे रेणू निरोगी अवयवांनाही एकत्र ठेवतात, त्यांना केवळ रोगग्रस्त जागी रोखणे ही या प्रयत्नांतील मुख्य अडचण आहे. तिच्यावर मात होईपर्यंत कोशिका सुटण्यापूर्वीच तिला गाठणे हाच प्रक्षेप टाळण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग असून गर्भाशय ग्रीवेच्या बाबतीत तो आज उपलब्ध आहे.